नंबरांना घाबरायचं की मिठाला?

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक यादी फिरत येते, खाण्याच्या पाकिटावर छापलेल्या आयएनएस नंबरांची, म्हणजे आत घातलेल्या रंग-आंबट वगैरे पदार्थांच्या कोडची: 330 म्हणजे कॅन्सर, 500 म्हणजे किडनी खलास, आणि खाली "सगळ्यांना पाठवा". आता 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूसत्व, आई वर्षानुवर्षं ढोकळ्यात घालतेय, आणि 500 म्हणजे खायचा सोडा. काकांना हे लिहिलं तर त्यांनी हात जोडलेला इमोजी टाकला, विषय संपला.

सगळेच नंबर साधे नाहीत हे मान्य. 102 आणि 110 हे पिवळे-केशरी रंग घातले की युरोपात 2010 पासून पाकिटावर इशारा छापावा लागतो, मुलांच्या वागण्यावर, लक्ष लागण्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून. भाचीच्या जेलीवर दोन्ही सापडले, जेली गेली कचऱ्यात, भाची दोन दिवस बोलत नव्हती.

पण घरातली खरी भानगड वेगळीच आहे. आईचा बीपी वाढल्यावर डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, तिने लोणचं बंद केलं, पापड बंद, आमटी इतकी अळणी की बाबा गुपचूप वरून मीठ घेतात, आणि संध्याकाळी मात्र कंटाळा आला म्हणून नूडल्सचं पाकीट! मागचं बारीक अक्षर मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचलं, 100 ग्रॅमला सोडियम 1200 मिलिग्रॅम, पाकीट 70 ग्रॅमचं म्हणजे 840. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे दोन ग्रॅमच्याही वर. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसभरात मिळून 5 ग्रॅमच्या आत. लोणच्याची फोड बिचारी उगाच बदनाम झाली.

आणि हे नुसतं मिठापुरतं नाही. 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांना महिनाभर दवाखान्यात ठेवून दोन आठवडे पाकिटातलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, समोर ठेवलेल्या ताटात साखर, मीठ, फॅट सगळं जवळपास सारखंच, खा हवं तेवढं. पाकिटातल्या जेवणावर लोक रोज साधारण 500 कॅलरी जास्त खात होते, जेवायचेही भराभर, आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वजन वाढलं.

काल आईला सगळं गणित करून दाखवलं. ती म्हणाली, बरं, मग मसाल्याची पुडी अर्धीच टाकते. उरलेली अर्धी डब्यात ठेवलीये म्हणे, आणि आज आमटी अचानक फारच चविष्ट झाली होती.