प्रोनाइटचा पास आणि माझा नसलेला पीआरएन

कॉलेजच्या फेस्टमध्ये इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड येणार असेल आणि तुमचं कॉलेज सुटून पाव शतक उलटलं असेल, तर त्या रजिस्ट्रेशनच्या लिंकच्या नादी लागू नका. पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत स्पॉन्सरांची नावं असतात, ती आधी वाचा. क्लासवाले, दुचाकीची शोरूम, पतसंस्था, कुणीतरी ओळखीचं निघतंच. बाकीचं पुढे सांगते, पण ही गोष्ट पहिली, कारण त्या लिंकपायी झालेला मनस्ताप अजून डोक्यातून जात नाहीये.

इंडियन ओशन मला सापडले ते तळोद्यात. नंदुरबार जिल्हा, २००१ साल, बँकेतली माझी पहिली पोस्टिंग. सरदार सरोवराच्या पाण्यात ज्यांची गावं गेली ती माणसं रेवानगर, रोझवा अशा वसाहतींमधून शाखेत यायची. माझ्याबरोबरचा एक प्रोबेशनर दिल्लीचा होता आणि त्याच्या खोलीवर एकच कॅसेट सतत चालू असायची, ‘कंदिसा’. आधी मला वाटलं, हे काय प्रकरण आहे, ना धड रॉक ना धड भजन. जो तबला वाजवतोय तोच गातोय. मग त्यातलं ‘मा रेवा’ लागलं आणि मी दारातच थांबले. दिवसभर ज्यांच्या पासबुकांवर शिक्के मारले त्यांच्या नदीचं गाणं! बास गिटार वाजवणारे राहुल राम स्वतः नर्मदा आंदोलनात होते आणि हे गाणं त्यांनी तिकडूनच आणलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ‘कंदिसा’ हे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. त्यातलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं, आजही कळत नाही, आणि काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष ऐकायचं मात्र लांबत गेलं. आमच्या बदल्या होतात त्या गावांत हे बँड येत नाहीत. २००७ साली ‘ब्लॅक फ्रायडे’ कोर्टाच्या फेऱ्यातून सुटून थिएटरात लागला, तेव्हा त्यातल्या त्यांच्या ‘बंदे’ या गाण्यामुळे शाखेतल्या इतरांनाही माझी आवड थोडी शहाणपणाची वाटू लागली. २५ डिसेंबर २००९ला असीम चक्रवर्ती गेले. तबला वाजवत गाणारा तो आवाज समोर बसून ऐकायचा राहिला तो राहिलाच. ज्या सुश्मित सेन यांच्याबरोबर त्यांनी १९९० मध्ये दिल्लीत हा बँड सुरू केला होता, तेही २०१३ मध्ये बाहेर पडले. म्हणून पुण्याला आल्यावर मी ठरवलं की आता जे आहेत त्यांना तरी ऐकायचंच. पबमधले कार्यक्रम रात्री उशिरा सुरू होतात, तेही बहुतेक उभ्याने. तिमाही अखेरीला बँकवाल्या माणसाकडून ते होत नाही. त्यामुळे भाचीने एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टचं पोस्टर पाठवलं, त्यात शनिवारची प्रोनाइट, म्हणजे नावाजलेल्या कलाकारांचा रात्रीचा कार्यक्रम, इंडियन ओशनची आणि प्रवेश फुकट, तेव्हा मला वाटलं झालंच काम.

आता त्या फॉर्मबद्दल.

नाव, मोबाइल, ईमेल इथपर्यंत मी माणसात होते. पुढे ‘कॉलेजचं नाव’, आणि तिथे यादीतूनच निवडायचं. पुण्यातली, पिंपरीतली, पार लोणावळ्यापर्यंतची कॉलेजं त्या यादीत होती, ‘इतर’ मात्र नव्हतं. त्याखाली ब्रँच. त्याखाली वर्ष: एफई, एसई, टीई, बीई. मग पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक. मग कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो, दोन्ही बाजूंनी. प्रत्येकापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. मी बी.कॉम. लातूरहून केलं तेव्हा ओळखपत्र पुठ्ठ्याचं असायचं आणि पीआरएन हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

भाची म्हणाली, “मावशी, माझा पीआरएन टाक ना, कोण बघतंय!” मी दिवसभर लोकांना आधारवर एक नाव आणि पॅनवर दुसरं का म्हणून परत पाठवणारी बाई. मी दुसऱ्याच्या नंबरावर आत जाऊ? शिवाय एका पीआरएनवर एकच पास मिळणार होता, तिने काय करायचं?

इन्स्टाग्रामवर त्यांच्या पानाला सविस्तर निरोप पाठवला. मी विद्यार्थिनी नाही, बँकेत अधिकारी आहे, आधारकार्ड दाखवीन, तिकीट लावलंत तर तेही काढीन. उत्तर आलं: आगीची तीन चित्रं आणि ‘रजिस्टर नाउ, लिंक इन बायो’. लिंक तीच.

पोस्टरवर दोन फोन नंबर होते. पहिला बंद. दुसऱ्यावरचा मुलगा अतिशय गोड बोलला, “मॅम, मी लॉजिस्टिक्स बघतो, पासेस पीआर टीमकडे आहेत.” पीआर टीममधल्या मुलीने सांगितलं की आउटसायडर्सना बंदी आहे, पण डीन सरांनी परवानगी दिली तर ती देईल. डीनच्या ऑफिसला फोन लावला की तो वाजून वाजून बंद व्हायचा. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. गेटवर वहीत नाव, गाव, गाडी नंबर, ‘कुणाला भेटायचे’ आणि ‘काम’. कामाच्या रकान्यात मी ‘गाणे’ लिहिलं. वॉचमनने ते वाचून माझ्याकडे पाहिलं, पण सोडलं.

आत काउंटरवर एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, कार्यक्रम विद्यार्थ्यांचा आहे, विद्यार्थ्यांनाच विचारा. मी म्हटलं, विद्यार्थ्यांनीच पाठवलंय. मग लेखी अर्ज द्या. अर्ज लिहिण्यात मला कोण हरवणार? तिथल्या तिथे कागद घेऊन लिहिला. ‘विषय: इंडियन ओशन या वाद्यवृंदाचे गायन-वादन ऐकण्यास परवानगी मिळणेबाबत.’ खाली ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ वगैरे. त्यांनी आवक क्रमांक टाकला, माझ्या प्रतीवर शिक्का दिला (प्रत नेहमी मागून घ्यावी, देत नाहीत आपणहून) आणि विचारलं, “पाल्याचं नाव?”

“पाल्य नाही.”

“मग माजी विद्यार्थी?”

“नाही.”

“मग कशासाठी?”

“गाणं ऐकायचंय.”

“यूट्यूबवर आहे की सगळं, मॅडम.”

मी काही बोलले नाही. लोन नाकारलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो ते मला रोज दिसतं, त्या दिवशी तो माझा झाला असावा.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. २५ नोव्हेंबर २०२३ला कोचीच्या विद्यापीठात संगीताच्या कार्यक्रमाआधी जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन चार जीव गेले. त्यानंतर कुठलंही कॉलेज गेट सताड उघडं ठेवणार नाही, ठेवूही नये. पण बाहेरच्या माणसाला घ्यायचं नसेल तर पोस्टरवर मोठ्या अक्षरात तसं लिहा. ‘ओपन फॉर ऑल’ लिहून वर लाल चांदण्या लावू नका. आणि पोरांनी डीनकडे, डीनच्या ऑफिसने पोरांकडे असं ढकलायचं असेल, तर मधल्या माणसाचा पेट्रोलचा खर्च कुणी द्यायचा?

अर्जाचं पुढे काय झालं म्हणून विचारायला मी रोज फोन करत होते. एकदा उचलला. “पुढे पाठवलाय.” कुणाकडे? “वर.” पीआर टीमच्या मुलीने तोवर माझ्या मेसेजला नुसता अंगठा द्यायला सुरुवात केली होती. नवरा म्हणाला, “अगं, एवढ्या चिकाटीने तू प्रमोशनची परीक्षा दिली असतीस तर!” त्याला किशोरकुमारच्या पुढे काही ऐकू येत नाही, त्यामुळे त्याचं मत मी धरलं नाही.

आणि मग शुक्रवारी, म्हणजे आदल्या दिवशी, आढावा बैठकीत चहाच्या वेळी त्या कॉलेजजवळच्या आमच्या शाखेचा मॅनेजर कुरकुरत होता. विद्यार्थ्यांची खाती उघडायला त्याला एका फेस्टमध्ये स्टॉल लावायला लागला होता, पोरं फुकटची पेनं घेऊन पळत होती, आणि स्पॉन्सर म्हणून मिळालेले पास घ्यायला शाखेत कुणी तयार नव्हतं. “कुठला तरी दिल्लीचा बँड आहे,” म्हणाला. मी कप खाली ठेवला. गठ्ठाभर पास त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होते, व्हीआयपी, पहिली रांग, सोफा. आणि पोस्टरच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आमच्याच बँकेचा लोगो.

दोन घेतले, एक भाचीसाठी. तिचा रीतसर पास होता, पण विद्यार्थ्यांचं गेट मैदान भरलं की बंद करतात, म्हणून पास असूनही पाचच्या आत पोचावं लागतं. तिला क्लासमुळे ते जमणार नव्हतं. हे लक्षात ठेवा: पास म्हणजे प्रवेश नव्हे. दारात पास देऊन मनगटावर कागदी बँड बांधून घ्यायचा, तो सैल बांधू द्यायचा नाही, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. पाण्याची बाटली, छत्री, सेंटची कुपी काढून घेतात. क्यूआर कोड असेल तर घरूनच स्क्रीनशॉट काढून न्या, तिथे नेटवर्क मान टाकतं. खाऊन जा. आतल्या वडापावबद्दल मी बोलत नाही.

बक्षीस समारंभ, फॅशन शो आणि कुणाचं तरी लांबलचक आभारप्रदर्शन होऊन साडेआठला एकदाचे ते आले. राहुल रामांचे लांब केस आता पांढरे झालेत. ड्रमवर अमित किलम, गिटारवर निखिल राव, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी. असीमदांच्या जागी आता दोन माणसं लागतात, असं मी मनात म्हटलं खरं, पण हिमांशूंनी आलाप घेतला आणि मी तुलना बंद केली. तो आवाज वेगळाच आहे, शास्त्रीय बैठकीचा, आणि मैदान भरून उरतो. अमित किलम यांनी मध्येच गबगुबी काढली. काखेत धरून एका हाताने तार ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची, ते बंगाली लोकवाद्य. शेजारच्या मुलांना वाटलं सिंथेसायझर आहे. मी ऐटीत समजावून सांगितलं.

‘बंदे’ला सगळं मैदान गात होतं. ‘मा रेवा’ तर त्यांनी भराभर चढवत नेलं, आणि पोरं त्यावर उड्या मारत होती. त्यातल्या एकाचाही कॅसेट निघाली तेव्हा जन्म झालेला नव्हता. मला तळोद्याची शाखा, काउंटरवर रांगेत उभी असलेली माणसं, सगळं एकदम आठवलं आणि मी पण उडी मारली. भाचीने व्हिडिओ काढलाय, तो घरातल्या ग्रुपवर गेलाय, असो.

दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे साडेआठला सुरू झालेला कार्यक्रम दीड तासातच आटपतो. पावणेदहाला लोक पार्किंगच्या भीतीने निघायला लागतात, तसं करू नका. आमच्याकडे ‘कंदिसा’ अगदी शेवटी झालं, आणि जे निघाले त्यांना ते गेटबाहेरून ऐकावं लागलं.

सोफ्याचं सांगायचं राहिलं. त्याचा काही उपयोग नाही. पुढचे सगळे उभे राहतात, आणि स्पीकर इतके जवळ की नुसता बास छातीत धडधडतो, शब्द कळत नाहीत. दोन गाण्यांनंतर आम्ही उठून मैदानाच्या मध्यावर, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी जाऊन उभ्या राहिलो. तो जे ऐकतो त्यावरूनच आवाज लावतो, म्हणून तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं. फक्त त्याच्या वायरींवर पाय देऊ नका, ओरडतो.

रात्री तिथून रिक्षा मिळत नाही. मॅनेजरने आम्हाला त्याच्या गाडीतून सोडलं आणि वाटेत, कार्यक्रम काही फार कळला नाही म्हणत, एफएमवर किशोरकुमार लावला. मी काही बोलले नाही. पास त्याचे होते.