शेलापागोट्याची दुसरी चिठ्ठी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठवा, असा समितीचा फोन आला तेव्हा मी कोईमतूरला दुकानात होतो. भट्टीवरून सोनं आटवायची मूस उतरवायची वेळ होती, म्हणून हो हो म्हणून फोन ठेवला. रात्री वही घेऊन बसलो. शाळेबद्दल लिहायला घेतलं आणि बाईंबद्दलच लिहीत गेलो. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. आपल्या शाळेत नुसतं बाई म्हटलं की कोणत्या बाई, हे कुणाला सांगावं लागत नाही.

आमची बॅच १९७५ ची. त्या वर्षी जुन्या अकरावी मॅट्रिकची शेवटची तुकडी आणि नवीन पद्धतीची पहिली दहावी, अशा दोन्ही एकदमच बोर्डाला बसल्या. जूनमध्ये आपल्या शाळेतून दोन वर्ग एकाच वेळी रिकामे झाले. आम्ही १९७२ साली आठवीत आलो तेव्हाच सांगितलं होतं की तुम्ही दहावीलाच बाहेर पडणार. ते वर्ष दुष्काळाचं. आमच्या आटपाडी भागातल्या लोकांना मी काय सांगू! माझे आई-वडील दोघंही पाझर तलावाच्या कामावर होते. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. आठवीची पुस्तकं मला बाईंनीच कुणाकडून तरी जुनी मिळवून दिली होती.

तर निरोप समारंभ. रिवाज असा होता की अकरावीच्या मुलांची शेलापागोटी, म्हणजे निरोपाला प्रत्येकावर थट्टेच्या दोन ओळी, दहावीनं लिहायची. त्या वर्षी दहावीच निघाली. नववीची पोरं म्हणाली, अकरावीची लिहितो, पण दहावीतले दांडगे आमच्याच आळीत राहतात, त्यांची लिहिणार नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्या मुलांची मी लिहीन." आम्ही त्रेचाळीस जण होतो. त्रेचाळीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर जांभळ्या शाईत दोन ओळी, खाली एका वाक्यात भविष्य आणि सोबत एक भेटवस्तू. घरचं सगळं उरकून बाईंनी हे कधी केलं असेल, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, शिक्षकांना रात्री दुसरं काय काम असतं?

मधल्या मोठ्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. चिवडा, पेढा, एकेक केळं. हेडसरांचं भाषण झालं आणि बाई उभ्या राहिल्या. इतिहासाच्या तासाला झोपणाऱ्या आमच्या मित्राला उशी दिली आणि वाचलं:

"पानिपतावर पेशवे लढले, हे तिकडे घोरत पडले,
जाग आली तेव्हा पुसती, सर, कोण जिंकले, कोण हरले?"

इतिहासाचे सर स्वतः डोळे पुसत हसत होते. गणितात पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या मुलीला किल्ल्यांचा जुडगा मिळाला. तिचं भविष्य 'बँकेच्या मॅनेजर, सगळ्या वर्गाला बिनव्याजी कर्ज'. १९६९ ला बँका सरकारी झाल्यापासून आमच्याकडे बँकेतली नोकरी म्हणजे स्वर्ग. तिचं त्याच मे महिन्यात लग्न झालं. एकाला एसटीचा कंडक्टर केला, एकीला आकाशवाणीवर पाठवलं, कारण तिचा आवाज दोन वर्ग पलीकडे ऐकू जायचा. सगळी खोली गडबडा लोळत होती. मीही हसत होतो. मग माझं नाव आलं.

माझ्या हातात पत्र्याची एक डबी आली. उघडली तर आत खडूची बुडखी. बाईंनी वाचलं:

"खिशात खडू, दप्तरात खिळे,
भंगारवाल्याला शिष्य हा मिळे!"

आणि भविष्य, 'मुंबईत भंगाराची मोठी वखार'.

सगळे हसले. मला त्याआधी कुणी हसलं नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ते कुठं लागलं, मला आजही नेमकं सांगता येत नाही. डबी तिथंच ठेवली, बाहेर आलो आणि हौदामागच्या लिंबाखाली जाऊन बसलो. पेढा मुठीत होता, त्याचा गोळा झाला होता. आतून हसण्याचा आवाज येत राहिला. फोटोसाठी हाका मारल्या तरी गेलो नाही. त्या वर्षीच्या वर्गाच्या फोटोत मी नाही, तो यामुळं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी बाई आमच्या वस्तीवर आल्या. शाळेपासून वस्ती तीन मैल, वाटेत सावलीला झाड नाही. डोक्यावर पदर, हातात ती डबी. आई घाबरली. म्हणाली, "बाई, लेकराचं काय चुकलं का?" बाई काही बोलल्या नाहीत. त्या आमच्या छपराच्या आतल्या भिंतीकडं बघत होत्या.

त्या भिंतीवर खालपासून हात पुरेल तिथवर अक्षरं होती. ग, म, भ, न. धाकट्या बहिणीला पाटी नव्हती. मी वर्गातले खडूचे तुकडे गोळा करून आणायचो आणि ती सारवलेल्या भिंतीवर गिरवायची. भिंत भरली की आई परत सारवायची. खिळे आणायचो ते छपराला. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांना कसं कळणार?

बाईंनी भिंतीवरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. बहिणीनं 'भ' उलटा काढला होता. त्यांनी डबीतलं एक बुडखं घेतलं, शेजारी सुलटा 'भ' काढला आणि तिच्याकडून पाच वेळा गिरवून घेतला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मी तुला न विचारता लिहिलं. माझं चुकलं. मला माफ कर."

मी पंधरा वर्षांचा होतो. तोवर मोठ्या माणसानं लहानाची माफी मागितलेली मी बघितली नव्हती. आमच्या घरात नाही, गावात नाही. माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी पर्समधून दुसरी चिठ्ठी काढून दिली. तीच जांभळी शाई.

"जे जे पडे खाली । ते ते हा उचली ।
किंमत कळली । यालाच रे ॥"

भविष्याची जागा कोरी होती. म्हणाल्या, "ते तू लिही." मग आईनं दिलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन, तांब्याभर पाणी पिऊन तशाच उन्हात परत गेल्या. पुढच्या वर्षापासून बाई प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून त्याचं शेलापागोटं आधी वाचून दाखवायच्या आणि त्यानं मान हलवली तरच समारंभात वाचायच्या, हे मला माझ्या बहिणीनं सांगितलं. ती पुढं याच शाळेत शिकली, डी.एड. झाली आणि एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना अक्षरं गिरवायला लावून गेल्या साली निवृत्त झाली.

मी दहावी सेकंड क्लासमध्ये पास झालो. मामा कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, दुकानात होते. मिरजेहून मीटरगेजच्या गाडीनं बंगळूर आणि तिथून पुढे. आटपाडी-विट्याकडची हजारो माणसं या धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यांच्यातलाच मी एक. पहिली तीन वर्षं मी फक्त झाडायचं काम केलं. सोनाराच्या कारखान्यातली झाडलेली धूळ, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी, झिजलेल्या कानशीतली पूड, यातलं काही फेकायचं नसतं. सगळं जमवायचं, जाळायचं, टाकणखार घालून आटवायचं. मग त्यात चांदी मिसळून तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळतं, आणि तळाशी राहतो तो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ. नवख्याला दाखवलं तर तो मोरीत ओतून देईल. तो धुऊन पुन्हा मुशीत घातला की पिवळं दिसायला लागतं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बाईंची चिठ्ठीच आठवली. वहीत जपून ठेवली होती, ती रात्री काढून वाचली.

१९९० ला सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, धंदा मोकळा झाला आणि पुढच्या वर्षी मी स्वतःचं दुकान टाकलं. आज दोन दुकानं आहेत. गावाकडची चौदा मुलं माझ्याकडं काम शिकून आपापल्या पायावर उभी राहिली. प्रयोगशाळेच्या नव्या खोलीला मी हातभार लावला, तिथं माझं नाव घालू नका म्हटलं होतं, बाईंचं घाला म्हटलं. घातलंत, त्याबद्दल समितीचा मी ऋणी आहे. ती पत्र्याची डबी आजही माझ्या गल्ल्याशेजारी असते, तिच्यात टाकणखार ठेवतो.

मनाला एकच लागून राहिलं आहे. त्या धुळीची आणि गाळाची गोष्ट मला बाईंना समोर बसून सांगायची होती. त्या निवृत्तीनंतर पुण्याला मुलीकडं राहायला गेल्या. दर दिवाळीला गावी आलो की ठरवायचो, या वेळी परत जाताना पुण्यावरून जायचं. कधी तिकीट आधीच काढलेलं असायचं, कधी दुकानातून फोन यायचा. त्या गेल्याची बातमी मला दीड महिन्यानं कळली.

परवा फेब्रुवारीत गावी होतो तेव्हा शाळेत दहावीचा सेंड-ऑफ चालला होता. मोठे स्पीकर, मुलींच्या साड्या, फोटो काढायला फुलांची चौकट. मुलं आनंदात होती, मला बरं वाटलं. एका मुलाला विचारलं, शेलापागोटी झाली का रे? त्याला शब्द माहीत नव्हता. दोन ओळी लिहायला ते मूल तीन-चार वर्षं निरखून बघावं लागतं. आपल्या आताच्या सर-मॅडमना सांगावंसं वाटतं, एवढं एक परत सुरू करा. कागद-शाईचा खर्च मी देतो.

अमृतमहोत्सवाच्या मेळाव्यात आमची बॅच एकत्र बसणार आहे. त्रेचाळीसपैकी अकरा जण आता नाहीत. पानिपतवाला येतोय, आकाशवाणी येतेय, मॅनेजरबाई नातवाला घेऊन येतायत. ज्याच्याकडं चिठ्ठी उरली असेल त्यानं ती आणायची आणि बहिणीनं बाईंच्या जागी उभं राहून सगळ्यांची वाचायची, असं ठरलं आहे. माझ्याकडं दुसरी आहे. पहिली बाईंनी त्या दिवशी फाडून टाकली होती, पण मला पाठ आहे. ती आधी वाचली तरी चालेल. मला एकट्याला बोलावून विचारायची गरज नाही.