फांद्यांचा ताड पाहायला दीवला

माड, पोफळ, ताड, शिंदी, भेर्ली माड. अलिबागकडच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला या सगळ्या झाडांचा एक नियम लहानपणापासून ठाऊक असतो: कोंब एकच. गेंड्या भुंग्याने तो पोखरला की झाड गेलं. बाजूने फूट नाही, फांदी नाही. त्यामुळे एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा रीतसर फांद्या फुटणारा ताड आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे, हे वाचल्यापासून दीव माझ्या डोक्यात बसलं होतं. किल्ला, चर्च, समुद्र हे सगळं नंतर.

हिवाळा सरता सरता योग आला. मुंबईहून रेल्वेने वेरावळ, पुढे सोमनाथ, कोडीनार, ऊना असा रस्ता. सोमनाथच्या आसपास नारळीच्या बागा, कोडीनारकडे ऊस. घोघल्याचा पूल ओलांडून बेटावर आलो आणि नागोआच्या किनाऱ्याकडे निघालो, तेव्हा रिक्षातूनच पहिलं झाड दिसलं.

रिक्षा थांबवायला लावली. खोड दोन पुरुष उंचीवर दुभंगलेलं आणि दोन्ही बाजू इतक्या सारख्या जाडीच्या, की यातलं मूळ खोड कुठलं नि फांदी कुठली हे सांगता येऊ नये. वर त्या दोघी पुन्हा दुभंगलेल्या. प्रत्येक टोकाला राखाडी हिरव्या पंख्यांचा स्वतंत्र झुबका. आंब्याला फांदी फुटते ती पानाच्या बगलेतल्या डोळ्यातून. इथे तसं नाही. शेंड्याचा कोंबच मधोमध विभागतो आणि बरोबरीचे दोन कोंब होतात. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती, पण खोडाच्या त्या दुव्यावर नजर ठरल्यावरच ती नीट समजली. दीवमध्ये या झाडाला होका म्हणतात. काही जण रावणताड म्हणतात, आणि झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की ते नाव अगदी पटतं.

रिक्षावाले भाई म्हणाले, "ये तो पोर्तुगीज लोग अफ्रीका से लाये थे." दीवमध्ये हे बरेच जण सांगतात. पटण्याजोगंही आहे. पोर्तुगीज इथे १५३५ पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते, दीवच्या व्यापाऱ्यांचा मोझांबिकशी जुना संबंध होता, आणि या ताडाचे भाऊबंद आफ्रिकेत भरपूर आहेत. इजिप्तचा दूम ताड, म्हणजे हायफेनी थेबाइका, असाच फांद्या फुटणारा आहे. पण वनस्पतिशास्त्रज्ञ दीवच्या होक्याला वेगळी जात मानतात, हायफेनी डायकोटोमा, आणि तिचं मूळ घर भारताचा पश्चिम किनारा असं धरतात.

या नावामागचा इतिहास तर आपल्या दारातून जातो. मुंबईच्या टपाल खात्यात वरच्या हुद्द्यावर असलेला जॉन ग्रॅहॅम हा स्कॉटिश माणूस मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी तयार करत होता. १८३९ मध्ये तो खंडाळ्याला वारला. उरलेलं काम निम्मो नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने पुरं केलं, आणि त्या यादीत हा ताड 'बोरॅसस डायकोटोमस' म्हणून छापला गेला. म्हणजे आपल्या साध्या ताडाच्या कुळातला, पण दुभंगणारा. पुढे १९०८ मध्ये इटलीच्या बेक्कारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'हायफेनी इंडिका' म्हटलं. आज चालतं ते नाव १९७० चं, आणि ते देणारे कायतान फुर्तादो हे मूळचे गोव्याचे, आयुष्य सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात घालवलेले शास्त्रज्ञ. दीव आणि गोवा १९८७ पर्यंत एकाच केंद्रशासित प्रदेशात होते. त्या प्रदेशातल्या झाडाला तिथल्याच माणसाने कायमचं नाव दिलं, याचा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी बुचरवाड्याकडे पायी फिरताना एका घराच्या परसात होका दिसला. अंगण झाडणाऱ्या आजींना विचारलं, तर त्यांनी नुसती परवानगी दिली नाही, बसायला बाजेवर जागाही करून दिली. मला हवं होतं ते हेच, हाताशी येईल असं झाड. पाम ओळखायचा तर लांबून त्याच्या डौलाकडे बघून भागत नाही. पानाचा देठ हातात घ्यावा लागतो.

माझ्या वाडीत पंख्याच्या पानांचे दोन पाम आहेत, आपला ताड आणि मादागास्करचा रुपेरी बिस्मार्क. होका या दोघांचा जवळचा नातेवाईक, त्यामुळे रोप लहान असताना तिघांत गफलत होते. तिघांच्याही जुन्या पानांचा तळ खोडाशी मधोमध चिरतो आणि तिथे त्रिकोणी फट दिसते. नर्सरीत 'चायना पाम' म्हणून मिळणाऱ्या लिव्हिस्टोनाला ती फट नसते, तिथे तपकिरी जाळीदार काथ्या असतो. एवढ्यावरून लिव्हिस्टोना बाजूला काढता येतो. उरलेल्या तिघांसाठी देठाची कड पाहायची. ताडाच्या देठाची कड करवतीसारखी, वेडीवाकडी दातेरी. बिस्मार्कच्या देठावर पांढरं मेण आणि तांबूस खपल्या, दाते अगदी बारीक. होक्याच्या देठाला मात्र सुटे, जाड, काळे, वाकडे काटे असतात, आणि ते एकदा बोटाला लागले की पुन्हा विसर पडत नाही. पानाची मधली शीर देठातून पात्यात शिरते, त्यामुळे पंखा सपाट न राहता मागे वळतो.

फळ हाती असेल तर प्रश्नच मिटतो. ताडाचं फळ मोठं, गोल, आत सहसा तीन गोळे. बिस्मार्कचं साधारण अंड्याएवढं. आजींनी झाडाखालून उचलून दिलेलं होक्याचं फळ मुठीत मावणारं, तपकिरी, तुकतुकीत आणि एका बाजूला झुकलेलं होतं. आत बी एकच. वरचा गर धागेदार, किंचित गुळमट. मुलं तो चघळतात, आणि पानांच्या झाडण्या होतात, असं आजी म्हणाल्या. त्यांच्या हातातली झाडणीही त्याच पानांची होती. फळं हवीत का, असं त्यांनीच विचारलं आणि पिशवी भरून दिली. किनाऱ्यावरच्या झाडांखालचं बी मी उचललं नसतं. या झाडाची नवी रोपं आपसूक रुजताना तिथे फारशी दिसत नाहीत, आणि १९९८ मध्येच आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ही जात धोक्याच्या जवळ आलेल्या जातींत धरली होती. जे थोडं बी जमिनीवर पडतं ते तिथेच राहायला हवं.

हॉटेलवर परतलो तेव्हा हिरवळीच्या कडेने ओळीने लावलेले पाम नव्या नजरेने पाहिले. सगळे फॉक्सटेल. हा पाम ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या उत्तरेला केप मेलव्हिल नावाच्या आडबाजूच्या खडकाळ जागी वाढतो. तिथल्या आदिवासींना तो माहीत होताच, पण शास्त्रात त्याची नोंद झाली १९८३ मध्ये. त्याच्या वोडिएटिया या नावात वोडिएटी या तिथल्या आदिवासी जाणकाराची आठवण आहे. नोंद झाल्यावर बियांना एवढी मागणी आली की जंगलातून बी चोरलं जाऊ लागलं. आज आपल्याकडे बंगल्याच्या फाटकापाशी फॉक्सटेल नाही असं होत नाही. १९८३ मध्ये नोंदलेला पाम घरोघरी पोचला, आणि १८३९ मध्ये मुंबईतल्या यादीत छापलेला आपला होका मी विचारलेल्या एकाही नर्सरीत मिळाला नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. फॉक्सटेल सुंदर आहे, माझ्याकडेही आहे. पण समुद्राचं खारं वारं, वाळू आणि कडक ऊन यांत पिढ्यान्‌पिढ्या तगलेलं झाड शेजारी असताना आपण ते मागतसुद्धा नाही.

मागत नाही, कारण नावं धड माहीत नसतात. आपल्याकडे रॉयल पामला सर्रास बॉटल पाम म्हणतात. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, रानात अगदी थोडे उरलेले. तो बुटका, बुडाशी फुगलेला, डोक्यावर मोजकीच पानं, आणि पानांचे तळ एकमेकांना गुंडाळून झालेल्या हिरव्या देठकांडाखाली फुलांचे कोंब शिंगांसारखे वर आलेले. रॉयल पाम पाहता पाहता दुमजली घराच्या वर जातो. बॉटल पाम समजून तो खिडकीसमोर लावणाऱ्याला हे आधी कुणीतरी सांगायला हवं. 'अरेका पाम' म्हणून विकला जातो तोही आपल्या पोफळीच्या अरेका कुळातला नाही, मादागास्करचा आहे. 'साबुदाणा पाम' म्हणून जे सायकस देतात ते तर पामच नाही. नवं रोप घेताना पानांचा तळ, देठाची कड आणि कोंबाखालचा भाग यांचे जवळून फोटो काढून ठेवावेत. नाव नंतरही शोधता येतं.

आता बियांविषयी, कारण परतल्यापासून मला हेच विचारलं जातंय. गर तासून काढला, बी काही दिवस पाण्यात ठेवलं आणि पाणी रोज बदललं. मग आडवं ठेवून अर्धं मातीत. ताडाचं बी रुजवलेल्यांना पुढचं ओळखीचं वाटेल: बियातून आधी एक जाड सोट थेट खाली जातो, आणि पान नंतर, बियापासून दूर वर येतं. वर काहीच दिसत नाही म्हणून कुंडी उपडी करू नये. तो सोट मोडला तर रोप संपलं. म्हणूनच नेहमीची छोटी पिशवी इथे कामाची नाही. मी रुंद पीव्हीसी पाइपचे हातभर लांबीचे तुकडे उभे करून त्यांत वाळूमिश्रित माती भरली. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी बी सरळ कायमच्या जागीच लावावं, हे उत्तम. मोठं झालेलं रोप हलवण्याच्या भानगडीत पडू नये.

आमच्याकडचा पाऊस दीवपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा आणि दिवसभर ऊन, एवढं मी पाळतो. होक्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत कोणतं काय ते कळत नाही. त्यामुळे एकच रोप लावून फळाची आशा धरता येणार नाही, वाडीत दोन-चार तरी हवीत. शेजारच्या दोन वाड्यांतही बी दिलं आहे, म्हणजे पुढे परागीकरणाला अडचण नको. झाडाला फांदी फुटायला बरीच वर्षं लागतात, तेव्हा विहीर, वीजेच्या तारा आणि घराचं छप्पर यांपासून अंतर आत्ताच सोडून ठेवावं.