विशेष अर्पणाची यादी

रविवार, रात्री

आज उपासना संपल्यावर खजिनदारांनी माझ्या केनियाच्या प्रवासासाठी जमलेल्या विशेष अर्पणाची यादी वाचून दाखवली, आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. नावे सगळी ओळखीची होती. शाळेतले सर, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, दोन्ही डॉक्टर, तरुण संघ, महिला मंडळ. आणि मध्येच, आवाजात काहीही फरक न करता, त्यांनी आमच्या रुग्णालयाच्या वॉर्डात वरचेवर दाखल होणाऱ्या त्या मुलाच्या आईचे नाव घेतले. रक्कम मी येथे लिहीत नाही. ती लहान होती असे लिहिले तर ते खोटे ठरेल, आणि मोठी होती असे लिहिले तर नुसता आकडा पाहणाऱ्याला ते पटणार नाही.

पैसे मोजताना खजिनदारांनी मला ते पाकीट दाखवले. आमच्याच औषधांच्या खिडकीवरचे, फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचे कागदी पाकीट होते ते. वर निळ्या शाईत माझ्या हाताने लिहिलेले ‘रोज एक, जेवणानंतर’ आणि खाली मुलाचे नाव. आत नोटा चौघडी करून घट्ट बसवल्या होत्या आणि त्यांना मिरचीचा असा ठसका होता की मोजता मोजता खजिनदारांना शिंक आली. ती बाई या दिवसांत नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला असते. तिची बोटे मी पाहिली आहेत. मुलाला सलाइन लावताना ती त्याचा हात धरायला जाते, मग आपल्या बोटांची आग त्याला लागेल म्हणून थांबते आणि मनगटाच्या वरच्या बाजूने त्याला थोपटत राहते. त्या बोटांनी मिळवलेल्या पैशांतून माझ्या तिकिटाला हातभार लागणार आहे, हा विचार जेवताना, भांडी घासताना आणि आता लिहितानाही मनातून जात नाही.

मला नेमके काय टोचते आहे ते समजून घ्यायचे आहे. ‘आपल्याकडे काय आजारी माणसे कमी आहेत?’ हा प्रश्न मला गेले काही महिने सगळेच विचारतात, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी आहे. आम्ही जात आहोत ते किसुमूच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या खेड्यांत, आणि तिथल्या मुलांना तोच आजार आहे जो नवापूर, धडगाव, अक्कलकुव्यातल्या आमच्या मुलांना आहे. तो म्हणजे सिकलसेल, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. तो जिथे जिथे रुजला तिथे तिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचे थैमान होते. ज्याच्या रक्तात तो दोष एका बाजूनेच आलेला असतो, तो मलेरियाच्या तडाख्यातून पुष्कळदा वाचतो, आणि ज्याला तो आई आणि बाप दोघांकडून मिळतो, त्याच्या वाट्याला हे दुखणे येते. सातपुड्याच्या पायथ्याला आणि त्या सरोवराच्या काठाला एकाच तापाने हा वारसा दिला आहे. तेव्हा तिथे जाऊन तपासणीच्या कामात हात लावणे, तिथल्या परिचारिकांबरोबर बसणे, संध्याकाळी त्यांच्या मंडळीत प्रार्थना करणे आणि आपली साक्ष देणे, यात मला कधीही परकेपणा वाटला नाही.

म्हणून टोचणी त्याची नाही. टोचते ते हे की मी देणाऱ्याच्या बाजूला उभी राहायला शिकले आहे आणि आज मला घेणाऱ्याच्या बाजूला उभे केले गेले, तेही अशा बाईसमोर जिला मी रोज काहीतरी देत आले. तिचा नवरा दिवाळीपासून बारडोलीकडे ऊसतोडीला आहे, मुकादमाची उचल अजून फिटायची आहे. हे सगळे मला ठाऊक आहे, कारण तीच मला रात्रपाळीत सांगत असते.

सोमवार

झोप लागली नाही. आज मन फार कडू झाले होते, तेही लिहून ठेवते.

या प्रवासाची तयारी सुरू झाल्यापासून मला भीती वाटते का, असे घरात एकानेही विचारलेले नाही. धाकट्या जाऊबाईंना ही सहल वाटते. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीसाठी सुट्टी कशी मिळवली, केनियाने 2024 पासून व्हिसाऐवजी सुरू केलेल्या ऑनलाइन प्रवास परवान्याचा अर्ज रात्री दोन वाजता मोबाइलवर कसा भरला, ते कोणाला माहीत नाही. पीतज्वराची लस ठरलेल्या केंद्रांवरच मिळते, म्हणून मुंबई गाठायची, आणि ती निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. त्या लसीच्या नोंदीचे पिवळे पुस्तक हरवले तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकून राहण्याची पाळी येऊ शकते, कारण हा रोग भारतात नसला तरी तो पसरवणारा डास भारतात आहे. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही आठवडे चालू ठेवायच्या. हे सगळे मी एकटीने निस्तरते आहे, आणि त्यावर आता हे पाकीट. मला वाटले, देवा, निदान हे तरी माझ्या अंगावर टाकायचे नव्हतेस. आईच्या प्रकृतीचे तर मी येथे लिहीतच नाही.

संध्याकाळी पाळकसाहेबांना भेटले आणि ते पैसे परत करता येतील का, असे विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की अर्पण देवाला दिलेले आहे, माझ्या हातात ते मुळी आलेलेच नाही, मग मी परत काय करणार? पुढे त्यांनी विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे गरीब विधवेने मंदिरात अर्पण केलेल्या दोन लहानशा नाण्यांची, आठवण करून दिली. ती मलाही आधीच आठवली होती आणि तिने माझे समाधान झाले नव्हते. मार्काच्या बाराव्या अध्यायात प्रभू त्या विधवेकडे पाहतो, शिष्यांना तिच्याविषयी सांगतो, पण तिने टाकलेल्या त्या दोन नाण्यांवर ज्याचा खर्च चालला, त्याच्याविषयी तिथे एक शब्द नाही. मला त्याच्याविषयी ऐकायचे होते.

घरी आल्यावर बायबलमधली दावीद राजाची गोष्ट काढून वाचली. त्याला बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले, तेव्हा त्याचे तीन वीर शत्रूच्या, पलिष्ट्यांच्या, छावणीतून वाट काढून ते घेऊन आले, आणि दावीद ते प्याला नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे हे रक्तच आहे असे म्हणून त्याने ते परमेश्वरापुढे ओतून टाकले. हे वाचून मला बरे वाटले, कारण कोणीतरी माझ्यासारखेच त्या पाण्याकडे पाहिले होते. पण मग प्रश्न पडला की त्या तीन वीरांना काय वाटले असेल. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी डोळ्यांदेखत मातीत जिरताना पाहून त्यांतला एक तरी मनात म्हणाला असेल की प्यायला असतास तर बरे झाले असते.

मंगळवार

आज रात्रपाळी. वॉर्ड शांत आहे.

आमच्या भागात ज्यांनी मंडळ्या उभ्या केल्या त्यांच्या तिकिटांचे पैसे कोणी दिले होते, हा विचार आजवर मी कधी केला नव्हता. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी 1890 मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन सुरू केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे लोक खानदेशात आले. त्यांच्यामागे पैशाचे बळ कोणाचे होते? स्वतःच पोट भरण्यासाठी देश सोडून अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन कष्टकऱ्यांचे. कोणाच्या घरी धुणीभांडी करणारी एखादी मुलगी, शेतावर राबणारा एखादा गडी. त्यांनी नंदुरबार कधी पाहिले नाही. चिंचपाड्याचे रुग्णालय 1942 मध्ये उघडले, तिथे आमच्यापैकी कितीतरी जण जन्मले, पण त्या पैशांना कोणाच्या हातांचा वास होता हे आम्ही कधी विचारले नाही. गोरे लोक आले म्हणजे पैसा आपोआप आला, असे आम्ही धरून चाललो. आज माझी खात्री आहे की त्यांच्यातही कोणी तरी असे पाकीट हातात धरून रात्रभर जागले असेल.

आपल्याकडून आफ्रिकेत कोण जाते, असे मोठे दीर म्हणाले होते, तेव्हा मी त्यांना शरणपूरविषयी सांगितले होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या शाळेत शिकली. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा ज्यांनी त्यांचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, त्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. त्याच दशकात शरणपूरचे काही जण मोंबासाजवळच्या फ्रेरटाऊनला गेले आणि मुक्त केलेल्या गुलामांच्या वस्तीत शिक्षक झाले, उपदेशक झाले. त्यांच्यासाठी कोणी यादी वाचली नसेल. त्यांचा पहिला प्रवास तर साखळदंडातला होता. माझ्या मानाने त्यांच्यावर कितीतरी मोठे ओझे होते, हे लिहिताना मला कालच्या कडवटपणाची लाज वाटत नाही, पण तो आता उरलेला नाही हे खरे.

करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातही पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी सांगतो की त्या अत्यंत गरिबीत होत्या आणि तरीही आम्हाला या सेवेत भाग घेऊ द्या म्हणून त्यांनी आग्रहाने विनवणी केली. विनवणी त्यांनी केली, पौलाने नव्हे. मी हा अध्याय कितीदा तरी वाचला आहे आणि प्रत्येक वेळी त्यांचे औदार्य पाहिले आहे. त्यांना ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, हे आज प्रथमच पाहिले.

गुरुवार

काल पहाटे त्या मुलाला पुन्हा कळा सुरू झाल्या म्हणून आजीने त्याला आणले आणि दुपारच्या गाडीने त्याची आई नंदुरबारहून आली. थंडीत असे होतेच. पाणी कमी पडले, अंग गारठले की त्या कोयत्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हाडांतून ओरडते. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत जन्मानंतरही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, म्हणून त्यांचा आजार आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा पुष्कळदा सौम्य असतो, असे आम्हाला शिकवले आहे. ते खरे आहे, पण त्या खाटेपाशी उभे राहून हे वाक्य मला कधीही उच्चारता येणार नाही.

वेदनाशामक चढल्यावर तो झोपला आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. मी विषय काढला. पैशांबद्दल तिला काही म्हणू नये असे ठरवले होते, तरी तोंडून निघालेच की ताई, एवढे द्यायला नको होते. ती थोडी रागावली. मी तिच्या देण्यात पैसेच पाहिले आणि तिने सोपवलेले काम पाहिलेच नाही, असे तिला वाटले असावे. तिने ते पैसे मला दिलेच नव्हते, असे ती म्हणाली. तिला कोणी तरी तिकडे पाठवायचे होते आणि स्वतः जाता येत नव्हते. तिकडच्या आया या पोरांना कसे वाढवतात, ते डोळ्यांनी पाहून येणारे माणूस तिला हवे होते, आणि ते माणूस तिच्या मुलाला ओळखणारे हवे होते. एवढे बोलून तिने मला वही आणायला सांगितले.

तिने सांगितले तसेच उतरवून घेतले. तिकडे रात्री कळा आल्या तर दवाखाना लांब असताना आई आधी काय करते? पाणी पाजायचे म्हणतात, तर झोपेतून उठवून पाजतात का? कळा कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी तिकडच्या खेड्यात मिळते का, आणि महिन्याची संपली तर पुढची कोण आणून देते? तिकडे मलेरिया अजून एवढा आहे, आणि दोन्ही बाजूंनी आजार असलेल्या मुलाला मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो, तर मग त्या आया पावसाळा कसा काढतात? शाळेत मास्तरांना सांगतात की लपवतात? मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी रक्त तपासतात का, आणि मुलाकडचे ऐकतात का? शेवटचा प्रश्न तिने आधी सांगितला, मग खोडायला लावला, मग पुन्हा लिहायला सांगितला: या आजाराची किती मोठी झालेली माणसे तिकडे आहेत, ती काय काम करतात, आणि त्यांतल्या एखाद्याशी मी बोलेन का?

साक्षीसाठी मी जे लिहून ठेवले होते ते आज पुन्हा काढले आणि बाजूला ठेवले. ते नव्याने लिहावे लागेल. शनिवारी लसीसाठी मुंबईला जायचे आहे. त्याआधी डॉक्टरांना विचारून आमच्याकडच्या नोंदींतून वीस वर्षांवरचे रुग्ण किती आहेत ते पाहून घेईन, कारण तिकडच्या आयांनी हाच प्रश्न मला उलट विचारला, तर माझ्यापाशी उत्तर असले पाहिजे.