ब्लाइंडमधले हलके पत्ते: कधी धरायचे, कधी टाकायचे

प्रतापनगरात एका मित्राच्या घरी दर शनिवारी रात्री आम्ही सहा जण टेक्सास होल्डेम खेळतो, म्हणजे प्रत्येकाला दोन झाकली पाने आणि मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी पाने असलेला पोकर. पैसे लावत नाही. प्रत्येकाला सारख्या चकत्या मिळतात आणि शेवटी कोणाकडे किती उरल्या याची नोंद होते. माझ्या चकत्या नेमक्या कुठे गळतात हे कळावे म्हणून मी वही घातली आणि प्रत्येक डावात मी कोणत्या जागेवर होतो ते लिहू लागलो. ब्लाइंड म्हणजे पाने वाटण्याआधी दोन ठरलेल्या जागांवरच्या खेळाडूंनी भरायच्या चकत्या; आमचा स्मॉल ब्लाइंड ५ चा आणि बिग ब्लाइंड १० चा असतो. या दोन जागांवर दीर्घकाळात चांगले खेळाडूही तोट्यातच असतात; पण सगळे पत्ते न खेळता टाकून दिले असते, तर एका फेरीत माझे १५ गेले असते. प्रत्यक्षात त्याहून जास्त जात होते, म्हणजे मी खेळून तोटा वाढवत होतो.

याचे मूळ बहुधा तीनपत्तीत असावे. दिवाळीत तीनपत्ती खेळत वाढलेल्या माणसाला ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता लावलेली, अर्ध्या किमतीत पडणारी चाल वाटते, आणि स्वस्त आहे म्हणून डावात राहणे अंगवळणी पडते. होल्डेममधला ब्लाइंड मात्र सक्तीचा असतो. माझ्या मित्राचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो, मला म्हणाले, "ते दहा तुझे राहिलेच नाहीत, भाऊ. आता किती घालायचे आणि किती मिळायचे, तेवढंच बघ."

तसे पाहिले. मी बिग ब्लाइंडवर असताना बटनवरच्या, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरच्या, खेळाडूने चाल वाढवून २५ केली आणि स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, तर पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या चकत्यांत, ४० असतात आणि मला १५ घालायचे असतात. म्हणजे ५५ पैकी १५; तोटा टाळायला सुमारे २७ टक्के वेळा जिंकण्याची गरज. त्याने ४० केले, तर मला ८५ पैकी ३० घालावे लागतात आणि गरज ३५ टक्क्यांवर जाते. इथेच मी पुन्हा फसलो. सत्ती-दुर्रीसारखा सर्वांत वाईट हातसुद्धा, पाचही पाने उघडेपर्यंत टिकला, तर एक्का-राजापुढे साधारण तीनात एकदा जिंकतो. मग २७ टक्क्यांसाठी काहीही खेळावे, असा अर्थ मी काढला. परंतु फ्लॉपनंतर, म्हणजे मधली पहिली तीन पाने उघडल्यावर, बिग ब्लाइंडला प्रत्येक वेळी बटनच्या आधी बोलावे, म्हणजे आपली चाल सांगावी, लागते, जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही तीनात एकदाच मिळते, आणि उरलेल्या वेळी समोरच्याने चकत्या सरकवल्या की आपल्याला पाने टाकावी लागतात. कागदावरची ती टक्केवारी पूर्ण पदरात पडतच नाही.

वहीतला एक डाव मी आजही उघडून पाहतो. पहिल्या बोलणाऱ्याने वाढवले असताना मी किलवरचा राजा आणि चौकटची सत्ती घेऊन राहिलो, फ्लॉपवर राजा आला, मी तिन्ही फेऱ्यांत चकत्या भरल्या आणि त्याच्याकडे राजा-राणी निघाली; राजाची जोडी दोघांचीही, पण त्याची राणी माझ्या सत्तीला भारी. राजा न येता तर मी कमी हरलो असतो. त्याउलट बदामची अठ्ठी-सत्ती दिसायला हलकी असली, तरी तिला सरळ क्रम आणि फ्लश (एकाच जातीची पाच पाने) या दोन्ही वाटा असतात, आणि लागले तर ठामपणे लागते.

नंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि जवळजवळ सगळेच टाकू लागलो. बटनवरच्या मित्राने ते ओळखले. १५ जिंकण्यासाठी २५ घालणाऱ्याला दोन्ही ब्लाइंडनी ६२.५ टक्क्यांहून जास्त वेळा माघार घेतली, तर कोणत्याही दोन पानांवर तिथल्या तिथे नफा होतो. तो दर वेळी वाढवू लागला.

आता मी आधी वाढवणारा कोणत्या जागेवर बसला आहे ते पाहतो, मग किंमत पाहतो आणि शेवटी पाने पाहतो. बटनवरून २५ आले, तर बिग ब्लाइंडवर एकाच जातीची लागोपाठची पाने मी धरतो. पहिल्या जागेवरून ४० आले, तर राजा-सत्ती निमूट टाकतो. कोणीच वाढवले नसेल, तर फ्लॉप फुकटच दिसतो. स्मॉल ब्लाइंडवर त्याच २५ साठी मला २० घालून ६० चा पॉट करावा लागतो, गरज ३३ टक्क्यांवर जाते आणि मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा असतो. म्हणून तिथे हलकी पाने मी जवळपास नेहमीच टाकतो, आणि खेळायचेच असेल तर नुसते भरण्याऐवजी स्वतः वाढवतो. कोणत्या पानांवर वाढवावे, हे मात्र अजून पक्के झालेले नाही. वहीत त्यासाठी चार पाने कोरी ठेवली आहेत.