डिलिव्हरीत बाळाला इजा झाली, केस कुठं करायची?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "बाळ जन्मल्यावर रडलं नाही, काचपेटीत ठेवलं, झटके आले. आता दीड वर्षाचं झालंय, अजून मान धरत नाही. डॉक्टरांनी सिझरला उशीर केला. केस कुठं करायची?"

या प्रश्नातले दोन शब्द आधी धरायचे, 'दीड वर्ष' आणि 'उशीर'. पहिल्यात मुदत आहे, दुसऱ्यात पुरावा. या दोन्हींचा निकाल लागला की कुठं जायचं हे फारसं अवघड राहत नाही.

मुदतीचं आधी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल करावी लागते. इथंच घरच्यांची गफलत होते. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचं, निदान पक्कं व्हायला बारा-अठरा महिने सहज जातात. तोवर 'हळूहळू शिकेल, मुलगे उशिराच चालतात' असं घरातले आणि कधी डॉक्टरही म्हणत असतात. इजा लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा साधी चौकशी केली असती तर कळली असती त्या दिवसापासून मुदत मोजावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मान्य केलं. पण त्याच प्रकरणात तक्रार मुदतबाह्य ठरली. ऑपरेशनमध्ये पोटात गॉझ (जाळीदार कापड) राहिलेली ती तक्रारदार बाई स्वतः नर्स होती. नऊ वर्षं पोट दुखत असताना तुम्ही त्या डॉक्टरांकडे गेला का नाहीत, असा न्यायालयाचा सवाल होता. म्हणून हिशेब जन्मतारखेपासूनच करा. दोन वर्षं उलटून गेली असतील तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात 'बाळाच्या आजारपणात होतो' एवढं लिहून भागत नाही, कोणत्या महिन्यात कुठल्या दवाखान्यात होतो हे कागदासकट मांडावं लागतं.

दिवाणी दाव्याचं गणित वेगळं. त्याची मुदत तीन वर्षांची असते, पण मूल कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या हक्काचा दावा ते अठरा वर्षांचं झाल्यावर पुढची तीन वर्षं करता येतो. आई-वडिलांच्या स्वतःच्या मागणीला ही सवलत मिळत नाही. कायदा एकविसाव्या वर्षापर्यंत थांबायला तयार आहे हे खरं, पण कागद थांबत नाहीत. दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपावेत एवढंच २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात. पाचव्या वर्षी गेलात तर 'रेकॉर्ड नष्ट केलं' हे उत्तर नियमात बसतं.

म्हणून वकील गाठायच्याही आधी कागद मागा. त्याच नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नकला द्यायच्या असतात. तोंडी मागू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह सही-शिक्का घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं पाठवा. अर्जात 'सर्व कागद' असं मोघम लिहिलंत की डिस्चार्ज कार्ड हातात ठेवतात. नावं घालून मागा: भरती कागद, लेबर रूमच्या नोंदी, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता), बाळाच्या ठोक्यांच्या मशीनच्या पट्ट्या, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं, ऑपरेशन आणि भुलीच्या नोंदी, बाळाचा केस पेपर, एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचे) तक्ते, रेफर चिठ्ठी. सरकारी रुग्णालय असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ठोक्यांच्या पट्टीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, काळानं पुसट होतो. मूळ पट्टी तुमच्याकडे आली तर त्याच दिवशी फोटो काढा.

आता 'उशीर'. हा शब्द आयोगासमोर घड्याळात मांडावा लागतो. समजा, कागदावर असं दिसतं: रात्री १० ला ऑक्सिटोसिनचं (कळा वाढवणाऱ्या औषधाचं) सलाईन सुरू, ११.३० ला बाळाचे ठोके १४०, पुढची नोंद थेट १.१५ ची, ठोके ९०, पाणी हिरवं (बाळानं पोटातच शी केल्याची खूण). सिझरचा निर्णय १.३०, बाळ बाहेर ३.०५. या पाच ओळींत सगळी केस आहे. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळा जोरात सुरू झाल्यावर ते निदान दर अर्ध्या तासाला आणि बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. कळांचं सलाईन चालू असताना तर लक्ष जास्तच हवं, कारण दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा आल्या की बाळाला मध्ये दम घ्यायला उसंत मिळत नाही. पावणेदोन तास नोंद का नाही, आणि निर्णयानंतर दीड तास कशात गेला, भूलतज्ज्ञ वाटेत होते की रक्त मिळत नव्हतं, हे दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत. गंमत म्हणजे अनेकदा अपगार स्कोअरच (जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण) खोटं उघडं पाडतो: पाचव्या मिनिटाला '९/१०' लिहिलेलं आणि बाळ दहाव्या मिनिटाला श्वासाची नळी घालून दुसऱ्या रुग्णालयात निघालेलं.

मात्र हेही कडू सत्य ऐकून ठेवा. सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांत कारण प्रसूतीच्या त्या तासांत नसतं. गर्भातला संसर्ग, खूप आधी झालेला जन्म, जनुकीय दोष असं काहीही असू शकतं. निष्काळजीपणा सिद्ध झाला तरी इजा त्यातूनच झाली हा दुवा जोडावा लागतो. पहिल्या आठवड्यातला एमआरआय, नाळेच्या रक्ताची पीएच (आम्लतेची) तपासणी, पहिल्या दिवशीचे झटके यांवर तो जुळतो. बाहेर येताना बाळाचा खांदा अडकून हात लुळा पडला तरी तेच. खांदा अडकणं हा कुणाचा गुन्हा नाही. आईच्या मांड्या पोटाशी दुमडून, जघनाच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) वर दाब देऊन तो सोडवला, की बाळाची मान ओढली आणि वरून पोटावर रेटा दिला, हे नोंदीत शोधायचं. अवेळी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचं प्रकरण त्या मानानं सरळ असतं: वजन दोन किलोपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचा जन्म असेल तर चार आठवड्यांच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी हवी. ती सांगितल्याचं डिस्चार्ज कार्डवर नसेल तर डॉक्टरांना फारसं बोलायला उरत नाही. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली जन्मलेल्या, ही तपासणी न झाल्यानं दृष्टी गेलेल्या मुलीला सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सगळं मिळून सुमारे १ कोटी ८० लाख रुपये दिले. पुढच्या उपचारांच्या खर्चात महागाई धरून केलेला तो हिशेब तुमच्या वकिलांनी वाचलेला असावा.

आता जायचं कुठं? बाळाच्या आयुष्यभराच्या खर्चाचे पैसे हवे असतील तर आमचं मत साफ आहे: पैसे घेणारं रुग्णालय असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला लोक अजून 'मंच'च म्हणतात. आयोगाचा जिल्हा की राज्य हा दर्जा तुम्ही किती मागता यावर ठरत नाही, रुग्णालयाला किती दिलंत यावर ठरतो. ५० लाखांपर्यंत बिल भरलं असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे बिल ८० हजारांचं आणि मागणी एक कोटीची असली तरी केस जिल्ह्यातच चालते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं दाखल करायची फी शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, माहेरी बाळंतपण झालं म्हणून तारखांना तिकडं जायला नको. बाळ आणि आई-वडील दोघेही ग्राहक धरले जातात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच सांगितलंय. म्हणून मागणी दोघांच्या नावानं वेगवेगळी लिहा. रुग्णालय, डॉक्टर आणि डॉक्टरांची विमा कंपनी या तिघांना सामील करा. योजनेतून किंवा धर्मादाय खाटेवर फुकट उपचार झाले असले तरी, ते रुग्णालय इतरांकडून पैसे घेत असेल तर तुम्ही ग्राहकच.

सगळ्यांना सगळं मोफत देणारं सरकारी रुग्णालय मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानं ग्राहक कायद्याबाहेर आहे. तिथं दिवाणी दावा करायचा, त्याआधी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यायची. थेट आणि उघड चूक असेल तर थेट उच्च न्यायालयात रिट, म्हणजे शासनाविरुद्धची याचिका. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या नसबंदीत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. नवऱ्याला आणि मुलांना खालच्या कोर्टानं दिलेले ३६ हजार रुपये उच्च न्यायालयात गेले, ते सर्वोच्च न्यायालयानं परत दिले तेव्हा १९९६ साल होतं. शासनाची जबाबदारी ठरली, पण तेहेतीस वर्षांनी.

वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते, एक रुपयाही देऊ शकत नाही. पोलिसांत जायची ऊर्मी सगळ्यात आधी येते. बाळ दगावलं असेल तर शवविच्छेदनासाठी जाच, त्याशिवाय कारणच हातात येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर गुन्ह्यासाठी नुसती चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांना आधी सरकारी डॉक्टरांचा निष्पक्ष अभिप्राय घ्यावा लागतो. तो 'निष्काळजीपणा नाही' असा आला की रुग्णालयाचे वकील तोच आयोगासमोर ठेवतात. बंधनकारक नसतो, पण वजन पडतं. रुग्णालयाच्या काचा फोडल्यात तर रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंतची कैद तुम्हालाच होऊ शकते.

'बिल माफ करतो, तक्रार नाही असं लिहून द्या' या कागदावर सही करू नका.

तज्ज्ञाचा अभिप्राय प्रत्येक केसला लागतोच असं नाही, पण जन्मवेळच्या मेंदूच्या इजेत त्याच्याशिवाय जाऊ नये. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहीत नाही. दुसऱ्या शहरातले नवजातशिशुतज्ज्ञ किंवा निवृत्त प्राध्यापक शोधा. 'डॉक्टर चुकले का?' असं विचारण्यापेक्षा वेळांचा तक्ता पुढे ठेवून 'या वेळी काय करायला हवं होतं?' असं विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बाई आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

निकाल कायद्यानं तीन ते पाच महिन्यांत यायला हवा, प्रत्यक्षात वर्षं जातात. तोवर मुलाचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढा. सेरेब्रल पाल्सी असेल तर 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंतचे उपचार भागतात. फिजिओथेरपीची प्रत्येक पावती फाइलला लावा. सांभाळणाऱ्या बाईचे पैसे रोख न देता खात्यावरून द्या आणि शेऱ्यात बाळाचं नाव लिहा. पुढच्या पन्नास वर्षांच्या खर्चाचा आकडा आयोग याच पावत्यांवरून काढणार आहे.