चित्रातला चहा: कपाची कड आणि वाफ

चहा पिणाऱ्या माणसाचं चित्र काढताना सगळी मेहनत चेहऱ्यावर होते आणि चित्र फसतं कपापाशी. थोडं वरून पाहिलं की कपाचं तोंड लंबवर्तुळ दिसतं. आतल्या चहाची पातळी नजरेपासून आणखी खाली, म्हणून ते लंबवर्तुळ किंचित जास्त गोलाकडे झुकतं. बुडाची कड त्याहून जास्त. टेबल सपाट असतं हे डोक्यात बसल्यामुळे नवशिके बूड सरळ रेषेत काढतात आणि कप टेबलावर बसतच नाही. दुसरी चूक म्हणजे लंबवर्तुळाची टोकं अणकुचीदार काढणं. ती कितीही चपटी असली तरी वळलेलीच हवीत.

याचा अभ्यास करायला स्विस चित्रकार लिओतारचं साधारण १७८१-८३चं चहाच्या सरंजामाचं चित्र घ्यावं (अमेरिकेतलं गेटी संग्रहालय). जेमतेम ३८ × ५२ सेंमी, त्यात एका ट्रेवर सहा चिनी कप-बश्या, चहापान उरकल्यानंतरच्या पसाऱ्यात. माणूस एकही नाही, तरी मंडळी आत्ताच उठून गेली हे कळतं. एवढी लंबवर्तुळं एकाच चित्रात शेजारी शेजारी क्वचितच तपासायला मिळतात.

वाफेसाठी मात्र फ्रेंच चित्रकार शार्दँकडेच जायला हवं. १७३५च्या त्याच्या चित्रात चहा ढवळणाऱ्या बाईसमोर वाफ तरंगते. वाफ दिसते ती मागचा भाग गडद असल्यामुळे. फिकट भिंतीवर कितीही पांढरा लावा, ती उठत नाही. तैलरंगात आधी पार्श्वभूमी पूर्ण वाळू द्यावी. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने, पार्श्वभूमीचाच रंग मिसळलेला पांढरा अगदी पातळ घासावा आणि वरची कड बोटाने विरवावी. शुद्ध पांढरा वापरला की वाफेचा कापूस होतो.

धरण्याची पद्धतही नीट पाहावी. इंग्रज चित्रकार रिचर्ड कॉलिन्सच्या १७२७च्या सुमाराच्या कुटुंबचित्रात कपांना कानच नाहीत, त्यामुळे सगळा भार बोटांवर. रशियन चित्रकार कुस्तोदिएव्हच्या चित्रातली व्यापाऱ्याची बायको (१९१८) उंचावलेल्या बोटांवर बशी तोलून धरते. अमेरिकन चित्रकार मेरी कसाटने तर १८८०च्या सुमाराच्या चित्रात पाहुणीचा अर्धा चेहरा कपाआड घातला. मला हा या सगळ्यांतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो: व्यक्तिचित्र म्हणून बघायला गेलं तर तिने चेहराच सोडून दिला, पण घोट घेण्याचा नेमका क्षण पकडला. तसा कप रंगवताना तोंडाचं लंबवर्तुळ आपल्याकडून जवळपास लपतं आणि बुडाचं दिसू लागतं, हे विसरू नये.